दोन चमचे द्राक्षासव

१५ जानेवारी १९९७, बुधवार

काल संक्रांतीचा तिळगूळ द्यायला म्हणून हे व्हॅन घेऊन बाहेर पडले, ते घरी आले आज उजाडताना. तेही शेजारच्या कल्लाप्पांच्या स्कूटरवर मागे बसून. चेहरा पाहून मला वाटलं, कुठेतरी अपघात झाला. अपघात नाही. पोलिसांनी धरलं होतं. का, तर म्हणे दारू पिऊन गाडी चालवत होते.

दारू. आणि ह्यांनी. मी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि कल्लाप्पांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही चुकून दुसऱ्याच कुणाला सोडवून आणलंत की काय?" ते हसले नाहीत. "अक्का, आधी त्यांना कॉफी द्या," एवढंच म्हणाले आणि आत न येता गेले. एरवी तासभर फॅक्टरीच्या गप्पा हाणत बसणारा माणूस.

झालं असं, की महादेवपुऱ्याच्या नाक्यावर ह्यांना थांबवलं, तोंडाचा वास घेतला, सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त काढून घेतलं. लायसन्स ठेवून घेतलं आणि बदली एक पावती दिली. कोर्टाची तारीख येईपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येते म्हणे. पुढे कोर्ट काय करील ते कोर्टाला माहीत. कल्लाप्पा जामीन राहिले म्हणून घरी तरी आले.

लायसन्स गेलं तर आमचं काय होईल हे मला कुणी समजावून सांगायला नको. फॅक्टरीनं दोन वर्षांपूर्वी ह्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यात स्वेच्छा कुणाची होती कोण जाणे. आलेल्या पैशातून व्हॅन घेतली आणि मारतहळ्ळीच्या मुलांना शाळेत नेऊ-आणू लागले. श्रीरंग टेंबे, सुपरवायझर, ड्रायव्हर झाले म्हणून माझ्या भावानं नाक मुरडलं होतं. मुरडू दे. त्या व्हॅनवर आमची चूल पेटते आणि ह्यांना सकाळी अंघोळ करून बाहेर पडायला कारण मिळतं.

दिवसभर डोक्यात भुंगा होता. दुपारी पोह्यांना फोडणी देताना एकदम लख्ख उजेड पडला. द्राक्षासव! वैद्यांनी ह्यांच्या पोटासाठी दिलेलं औषध. द्राक्षं आंबवून करतात, थोडा अंमल त्यात असतोच, माझे वडीलही सांगायचे. मी रोज रात्री जेवणावर दोन चमचे देते. आणि काल गूळपोळी जड झाली म्हणून दुपारीही दिलं, तेही जरा मापाबाहेर. म्हणजे मीच पाजलं की.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "असेल. तसंच असेल, प्रमोदिनी." आणि कूस बदलून झोपले. एका शब्दानं रागावले नाहीत. मला मेलीला रडू आलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

वकिलांकडे गेलो होतो. प्राणेश त्यांचं नाव, मूळचे धारवाडचे, त्यामुळे मराठी बोलतात, पण प्रत्येक वाक्याला कानडी शेपूट. ह्यांना म्हणाले, "टेंबे सर, मला तरी खरं सांगा री. किती?"

हे म्हणाले, "औषध घेतो."

वकील माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं. गूळपोळी, तूप, द्राक्षासव, चमचा. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, हे तुम्ही जजसमोर सांगाल?"

"सांगीन की. खरं सांगायला भीती कसली?"

मग त्यांनी समजावलं. रक्ताचा रिपोर्ट आला आहे, त्यामुळे नाकारून उपयोग नाही. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा. खरी धास्ती लायसन्सची. जजच्या मनात आलं तर वर्षभर गाडीला हात लावू देणार नाहीत. तिथे घरच्या बाईनं उभं राहून सांगितलं, की माणूस सरळ आहे, माझ्या हातून औषध जास्त गेलं, तर मन वळतं. "लायसन्स तुमच्या तोंडात आहे, अम्मा."

मला एक कळेना. केलं नाही ते कबूल कसं करायचं? आणि कबूल करायचं तर वर औषधाचं कशाला सांगायचं? वकील म्हणाले, "तुम्ही एवढा विचार नका करू." हे खिडकीबाहेर बघत होते. घरी येताना वाटेत पानाच्या टपरीवर थांबून लवंगा घेतल्या. हल्ली ह्यांना लवंगेचं फार वेड लागलंय. शर्टाच्या खिशात कायम चार-सहा असतातच.

१९ जानेवारी, रविवार

मुग्धा आली होती, सिद्धीला घेऊन. मुग्धा पुण्याची, इथे कॉम्प्युटर कंपनीत आहे. नवरा कंपनीच्या कामानं अमेरिकेत. सात वर्षांची सिद्धी ह्यांच्याच व्हॅननं शाळेत जाते. शेजारणीनं दिलेला एळ्ळु-बेल्लाचा डबा मुग्धा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काकू, हे नुसतं खायचं की ह्याचं काही बनवायचं?" मला हसू आलं. इथला तिळगूळच तो, तीळ, गूळ, खोबरं, दाणे सगळं सुटं. म्हटलं, खा तसंच, वळायचे कष्ट वाचले.

पोलिसांचं तिला सांगितलं नाही. सांगायचं काय, माझंच मला नीट कळलेलं नाही.

ती मात्र ह्यांचं कौतुक करत होती. "अ‍ॅक्च्युअली मला इथे आले तेव्हा इतकं टेन्शन होतं. भाषा येत नाही, कुणी ओळखीचं नाही. पण काका भेटले आणि मी सुटलेच. आपली माणसं आहात म्हणून मी अगदी डोळे झाकून सिद्धीला पाठवते." मग तिनं सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. दुपारी शाळेतून परत येताना तळ्याजवळच्या वडाखाली हे व्हॅन थांबवतात आणि सगळ्या मुलांना हात जोडून, डोळे मिटून श्लोक म्हणायला लावतात. कानडी पोरं, तेलुगू पोरं, सगळी. "सिद्धी आता घरीपण डोळे मिटल्याशिवाय जेवत नाही. कॅन यू बिलीव्ह, काकू?"

माझा ऊर भरून आला. आमच्या यशश्रीला लहानपणी ह्यांनी एक श्लोक शिकवला नाही. तेव्हा शिफ्ट असायची, ओव्हरटाइम असायचा. आता जमतंय, तर हे लायसन्सचं झेंगट.

सिद्धीला विचारलं, "काकांनी शिकवलेला श्लोक म्हणून दाखव बघू." ती आईच्या पदरामागे गेली. पदर कसला, ओढणी. लाजाळू आहे.

२२ जानेवारी, बुधवार

व्हॅनचा डावीकडचा आरसा फुटून आला. सिटी बस घासून गेली म्हणाले. मी म्हटलं, पोरं बसली होती ना आत? "अगं, काही झालं नाही. जरा ओरडली, एवढंच." हे बोलताना लवंग चावत होते. जेवले नाहीत. मी द्राक्षासव द्यायला गेले आणि हात थांबला. कोर्टाचं काम होईपर्यंत बंदच ठेवू म्हटलं, तर म्हणाले, "ठेव बंद." एवढ्या सहज म्हणाले, की मला उगाच चुटपुट लागली. पोटाचं काय?

२५ जानेवारी, शनिवार

वैद्यांकडे गेले, एकटीच. त्रिविक्रम आचार, म्हातारे, कानाला कमी. जोरजोरात बोलावं लागतं. आणि बाहेर पेशंट बसलेले. "द्राक्षासवानं माणूस झिंगतो का?" हे मी ओरडून विचारलं तेव्हा दोन बायका वळून बघायला लागल्या.

वैद्य म्हणाले, "दोन चमच्यांनी? माझी पाच वर्षांची नात घेते. ती झिंगली नाही."

"मापाबाहेर गेलं तर?"

"तुझं माप केवढं गं?"

मी हातानं दाखवलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पण औषध आपण दिलं आहे असा कागद मात्र लिहून दिला आणि म्हणाले, "श्रीरंगला मागच्या वर्षभरात मी पाहिलेलं नाही. त्याला एकदा घेऊन ये. पोट बघायचंय." वर्षभर? मग दर महिन्याला "वैद्यांकडे जाऊन येतो" म्हणून जातात ते? कदाचित वैद्यांना आठवत नसेल. वय झालंय त्यांचं.

२६ जानेवारी, रविवार

आज मी एक उद्योग केला. कुणाला सांगण्यासारखा नाही, म्हणून इथे लिहिते.

हे फॅक्टरीच्या कॉलनीत झेंडावंदनाला गेले होते. मी दार लावलं, द्राक्षासवाची बाटली काढली आणि दोन चमचे घेतलं. काही नाही. आणखी दोन घेतलं. गोड, तुरट, घशाला जरा गरम. मग म्हटलं आता माघार नाही, आणि वाटीत ओतून वाटीभर प्यायले. खुर्चीवर बसून वाट पाहिली. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत फरशीची जी रेघ जाते तिच्यावरून पावलापुढे पाऊल टाकत चालले. सरळ चालले. तेविसाचा पाढा म्हटला, तो मला शाळेतही येत नव्हता, तिथेच अडकले. कान थोडे गरम झाले, बस. मग रस्सम केलं आणि मीठ घालायला विसरले नाही.

म्हणजे मला काहीच झालं नाही. मग ह्यांना कसं झालं? मी बावन्न किलोची बाई आणि हे चांगले धिप्पाड. उलट मलाच आधी व्हायला हवं. का पुरुषांच्या अंगात वेगळं चढतं? कुणाला विचारावं तर पंचाईत.

हे घरी आले तेव्हा मी दुरूनच बोलत होते, तोंडाला वास येईल म्हणून. नंतर लक्षात आलं, की तेही दुरूनच बोलत होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर सापडलं! वकिलांना कधी सांगेन असं झालंय.

ह्यांचा जेवणाचा डबा व्हॅनमध्ये राहिला होता, तो आणायला गेले. डबा सीटखाली घरंगळला होता. हात घातला तर फडक्यात गुंडाळलेली बाटली लागली. द्राक्षासवाची, आपल्याच वैद्यांची चिठ्ठी लावलेली. ह्यांनी जुनी बाटली गाडीत ठेवली असणार, दुपारी पोट दुखलं तर हाताशी असावी म्हणून. अर्धी होती.

चव घेतली आणि ठसकाच लागला. घसा जळत गेला, डोळ्यांतून पाणी. एक घोट म्हणून घेतला तो मोठाच गेला होता. फाटकाचा खांब धरून उभी राहिले. घरात येऊन बसले तर उगाच हसू येत होतं, आणि कशाचं ते कळेना.

म्हणजे बघा. घरातलं द्राक्षासव थंड फडताळात असतं. हे व्हॅनमध्ये दिवसभर उन्हात तापलं, आंबलं, आंबून कडक झालं. चवसुद्धा पार बदलून गेली, द्राक्षाचा मागमूस राहिला नाही. आणि हे बिचारे औषध म्हणून तेच घेत राहिले. ह्यांची चूक नाही. माझीही नाही. उन्हाची.

फार दिवसांनी आज मी पोटभर जेवले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाटली पिशवीत घालून वकिलांकडे गेले. ह्यांना सांगितलं नाही. कोर्टात एकदमच कळू दे, बरं वाटेल.

प्राणेश वकिलांनी बूच काढलं, वास घेतला आणि बूच परत लावलं. मी उन्हाचं सांगत होते. त्यांनी उठून खोलीचं दार लोटलं. मग म्हणाले, "अम्मा, ही बाटली आणखी कुणाला दाखवलीत?"

"कुणालाच नाही. आधी तुमच्याकडे आणली."

"सरी, बरं. घरी नेऊन ओतून टाका. आणि कोर्टात दोन चमच्यांचंच बोला. जास्तीचं दिलं, मला पश्चात्ताप होतोय, एवढं एकच वाक्य. बाटली नको, ऊन नको."

"अहो, पण खरं कारण तेच आहे ना?"

"जज बाई आयुर्वेद मानत नाहीत," ते म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला आले. आधी कधी आले नव्हते. दारात म्हणाले, "अम्मा, तुमची मुलगी कुठे असते? तिला बोलावून घ्या चार दिवस." यशश्री नाशकात, तिला दिवस गेलेत, तिला कशाला धावपळ करायला लावायची?

मोरीत ओतलं. संध्याकाळपर्यंत मोरीला वास येत होता. हे आल्यावर व्हॅनमध्ये बराच वेळ काहीतरी शोधत होते. मी खिडकीतून बघत होते. सीट उचलल्या, पायपुसणी झटकली. मी गप्प राहिले, वकिलांनी बाटलीचं नाव काढू नका म्हटलं होतं. आत आले ते चिडूनच. भाजी खारट म्हणाले. खारट नव्हती. कप उचलताना कॉफी सांडली.

८ फेब्रुवारी, शनिवार

मुग्धाला कंपनीत जायचं होतं, म्हणून सिद्धीला माझ्याकडे सोडून गेली. हे टायरवाल्याकडे गेले होते.

मी शेंगा सोलत होते. सिद्धीनं जेवणाच्या चारही खुर्च्या एकामागे एक लावल्या. मागच्या खुर्च्यांवर उशी, तिची बाहुली आणि आमचा कुकर बसवला. स्वतः पुढे बसली, हातात ताटली, गोल गोल फिरवायला. व्हॅन-व्हॅन खेळत होती. मजा वाटत होती. हॉर्न वाजवत होती, "ए बाबू, सीधा बैठो" म्हणत होती, अगदी ह्यांच्या आवाजात.

मग म्हणाली, "वड आला." ताटली थांबवली. मागे वळून बोट उगारलं. "हात जोडा. डोळे मिटा. श्लोक म्हणा मोठ्यानं. मधे कुणी डोळे उघडले तर देवबाप्पा त्याची आई घेऊन जाईल."

आणि मग ती सीटखाली वाकली. तिची पाण्याची बाटली काढली. उघडली. मान मागे टाकून प्यायली, एकदा, मग इकडेतिकडे बघून पुन्हा एकदा. मनगटानं तोंड पुसलं. फ्रॉकच्या खिशातून काहीतरी काढल्यासारखं करून तोंडात टाकलं आणि चावलं. "शाबास. आता उघडा डोळे," म्हणाली आणि ताटली परत फिरवायला लागली.

मी विचारलं, "सिद्धी, तू डोळे उघडतेस होय गं?"

ती रडायलाच लागली. "एकदाच उघडले, काकू. थोडेसेच. आईला नेणार नाही ना?"

तिला मांडीवर घेऊन बसले. नाही नेणार म्हटलं. शेंगा तशाच राहिल्या. आता हे लिहितेय, पण काय लिहितेय ते कळत नाही. औषध घेताना मुलांना डोळे मिटायला कशाला सांगायचं? औषधाची कसली लाज?

९ फेब्रुवारी, रविवार

आज काही लिहीत नाही. लवंगांचा डबा रिकामा होता, तो भरला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडी नेसून व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. हे म्हणाले, "कुठे निघालीस?" म्हटलं, "तुमच्याबरोबर. घरात कंटाळा येतो." सकाळी नेताना आणि दुपारी आणताना, दोन्ही वेळा बसले.

मुलं खूश होती. माझ्या बांगड्या मोजत होती. परत येताना वड आला. व्हॅन थांबली नाही. मागून कुणीतरी विचारलं, "अंकल, श्लोक?"

"आज नको. आज आंटी आहेत ना," हे म्हणाले.

त्यांचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. फेब्रुवारीत कपाळावर घाम. सिद्धी आरशात माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहून हसले, पण नीट जमलं नाही.

मुलांना सोडल्यावर मी विचारलं, "उन्हानं आंबलं होतं ना हो ते?" मला हो म्हणून हवं होतं. एकदा हो म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, देवाशपथ.

ते म्हणाले, "बाटली तू घेतलीस?"

"मी घेतली."

गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसले. म्हणाले, "प्रमोदिनी, हे काढून घेतलं तर मी घरात बसून मरेन. फॅक्टरीतून काढलं तेव्हा अर्धा मेलोच. गुरुवारी फक्त सांभाळून घे. तुझ्या गळ्याची शपथ, परत नाही." रडत होते. अठ्ठावीस वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मला त्यांची दया येत होती, राग येत होता आणि भूकही लागली होती, सगळं एकाच वेळी. माणसाला एवढं सगळं एकदम कसं वाटू शकतं?

सांभाळून घेते म्हणाले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोर्टात पोचलो तेव्हा वऱ्हांड्यात माणसं दाटीवाटीनं उभी होती. आमचं नाव यायला दुपार झाली. वकिलांनी तोपर्यंत माझ्याकडून ते वाक्य तीनतीनदा घोटून घेतलं होतं. कानडीतून. माझ्या हातून औषध जास्त गेलं, मला पश्चात्ताप होतोय. एवढंच. मुखपाठ होतं.

जज बाई माझ्याच वयाच्या असतील. चष्मा, साधी सुती साडी. ह्यांनी गुन्हा कबूल केला. वकिलांनी वैद्यांचा कागद दिला आणि भरपूर बोलले, सव्वीस वर्षांची नोकरी, सभ्य घर. मग बाईंनी मला पुढे बोलावलं. "हेळी अम्मा," म्हणाल्या. सांगा.

मी म्हटलं, "मी ह्यांना द्राक्षासव देते."

"किती?"

"दोन चमचे. रात्री."

मग पुढचं वाक्य. तोंडाशी आलं होतं. ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा पाहिलं होतं तसं. आणि बाईंनी सहज विचारलं, कागद बघता बघता, "आता हे काय करतात? नोकरी?"

"शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला. "मुलांची?"

"हो. दुपारी वडाखाली थांबतात. मुलांना डोळे मिटायला सांगतात आणि पितात. ते माझं औषध नाही. माझं दोन चमचे. त्या बाटलीतलं काय ते मला ठाऊक नाही, पण मी चाखलंय, त्यात द्राक्षं नाहीत."

हे मी ठरवून बोलले का? अजून कळत नाही. सांभाळून घ्यायलाच गेले होते. हे वाक्य कुणी घोटून घेतलेलं नव्हतं, तरी एकदाही अडखळले नाही.

दंड झाला. लायसन्स वर्षासाठी गेलं. बाहेर आल्यावर प्राणेश वकील म्हणाले, "एकच वाक्य होतं, अम्मा." रागावले नव्हते. फी पुढच्या महिन्यात दिली तरी चालेल म्हणाले.

रिक्षानं परत आलो. घराजवळ आल्यावर ह्यांनी विचारलं, "कुणी डोळे उघडले होते?"

मी सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एकेका घरी जाऊन मी सांगून आले, काल-परवा आली नाही ती व्हॅन आता बंदच. का म्हणून विचारलं तिथे खरं कारण सांगितलं. एकीनं तोंडावर दार लावलं. एकीनं बसवून ताक दिलं. कल्लाप्पा फाटकात भेटले, म्हणाले, "अक्का, फॅक्टरीतही होतं. मी सांगायला हवं होतं." म्हणजे शेजाऱ्याला माहीत, वकिलाला वासावरून कळलं, वैद्यांनाही संशय. आणि मी फरशीच्या रेघेवरून चालत होते.

मुग्धा शेवटी. तिनं सगळं ऐकून घेतलं. सिद्धीला जवळ ओढलं आणि इतकं घट्ट धरलं, की पोर "दुखतंय" म्हणाली. मग मला विचारलं, "काकू, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आठ दिवस," मी म्हटलं.

"त्याच्या आधी?"

माहीत नव्हतं म्हणाले. खरंच नव्हतं. पण जिना उतरताना लवंगा आठवल्या, फुटलेला आरसा आठवला, दुरून बोलणं आठवलं. आता ते सगळं असं समोर येऊन उभं राहतं, की नव्हतं माहीत म्हणायला माझीच जीभ वळत नाही. सोमवारपासून सिद्धीला शाळेत मी सोडते म्हटलं, सिटी बसनं. मुग्धा पोरीचे केस सारखे करत राहिली. सिद्धीच आईकडे बघून म्हणाली, "काकूंबरोबर जाऊ?" मुग्धानं शेवटी हो म्हणून मान हलवली.

व्हॅन अंगणात उभी आहे. किल्ली माझ्या कमरेला. वैद्यांकडे ह्यांना उद्या घेऊन जाणार आहे, चला म्हटलं तर नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. हे आपणहून येऊन बसले, हात जोडले, डोळे मिटले आणि श्लोक म्हणायला लागले. मीही हात जोडले. डोळे मिटायला गेले, पण मिटेनात. श्लोक संपेपर्यंत मी ह्यांच्याकडेच बघत बसले.